बिनचलनाची पिशवी

शनिवारी सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या कडीला पिशवी लोंबकळत होती.

कुलदीप त्रिभुवननं तिला लगेच हात लावला नाही. आधी गल्लीत डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. नळावर दोन बाया होत्या, त्या आपल्या हंड्यात गुंतलेल्या. मग त्यानं बाहेरूनच बोटानं पिशवी टोचली. तांदूळ, चारेक किलो. वरून वाकून पाहिलं तर तुरीची डाळ, तेलाचं पाकीट, कपड्याचा साबण. चिठ्ठी नाही, नाव नाही.

"कुणी ठेवली?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत," विजयश्री म्हणाली. जरा लवकरच म्हणाली. कुलदीपनं तेही मनात टिपून ठेवलं.

टिपून ठेवणं हा त्याचा धंदाच होता. चाकणच्या एका कंपनीत सोळा वर्षं तो इन्स्पेक्शनला होता. गाड्यांना लागणारे पत्र्याचे पार्ट प्रेसवरून यायचे. एकेक हातात घ्यायचा, गेज लावायचा, उजेडात फिरवून पोचा बघायचा. बरा असेल तर हिरव्या क्रेटमध्ये, नसेल तर लाल टॅग. "माल चांगला आहे हे मालानं सिद्ध करायचं, आपण नाही," असं तो नव्या पोरांना सांगायचा. बाहेरचा माल चलनाशिवाय, म्हणजे कुणी काय पाठवलं त्या कागदाशिवाय, त्यानं गेटातून आत येऊ दिला नाही. एकदा खुद्द मालकाच्या मेहुण्याचा टेम्पो दोन तास उन्हात उभा ठेवला होता. मागच्या गणपतीनंतर कंपनीनं त्याच्या टेबलावर कॅमेरा बसवला. कॅमेरा मिनिटाला चाळीस पार्ट बघायचा आणि चहाला उठायचा नाही. दिवाळीच्या आत कुलदीप घरी.

तेव्हापासून सात महिने. सेहेचाळिसाव्या वर्षी कंत्राटदार माणसाकडं बघतच नाही, त्याच्या मागं उभ्या असलेल्या पोराकडं बघतो. एकानं सिक्युरिटीचं काम देतो म्हणून वर्दीचे पैसे आधी मागितले. कुलदीपनं त्याच्या ऑफिसच्या पाटीचा फोटो काढला, तर पुढच्या आठवड्यात पाटीच गायब. त्यानंतर तो कुठं गेला नाही. भिंतीकडं तोंड करून पडायचा. मे महिना, वर पत्रा, तरी पंखा लावायचा नाही.

विजयश्री, ते राहायचे त्या चऱ्होलीतल्याच एका मेसवर पोळ्या लाटायची. दोन वेळचं कसंबसं भागायचं, पण तिला पोटाची काळजी कमी आणि दुसरीच जास्त होती. तीन आठवड्यांपासून नवरा तिच्या मागं लागला होता. "सुट्टी लागलीय. प्राजक्ताला घेऊन शेवगावला आईकडं जाऊन ये. महिनाभर रहा." कधी नव्हे ते गोड बोलायचा. गॅसचं पुस्तक, मुलीचा दाखला, बँकेचं पासबुक सगळं एका पिशवीत भरून त्यानं तिच्या हाती दिलं होतं. गावाला जाणाऱ्या बाईला गॅसचं पुस्तक कशाला लागतं? तिनं विचारलं नाही. फक्त दर सोमवारी काही ना काही निमित्त काढून गाडी चुकवली, आणि मेसवर जाताना मुलीला बजावलं, "पप्पांना एकटं सोडायचं नाही. दुकानातबी जायचं नाही."

तर अशा घरात ती पिशवी आली.

कुलदीपनं ती उघडू दिली नाही. जुन्या सामानातून पिवळा टॅग शोधला, त्यावर तारीख लिहिली आणि पिशवीच्या बंदाला बांधून कोपऱ्यात ठेवली. पुढच्या शनिवारी दुसरी पिशवी आली, तीही पहिलीच्या शेजारी गेली. रविवारी प्राजक्तानं रिकामा डबा आपटून खाली ठेवला. दहावीची परीक्षा दिलेली पोर, जिभेला धार.

"पप्पा, पिवळा टॅग म्हणजे रिजेक्ट का?"

"रिजेक्ट लाल. पिवळा म्हणजे होल्ड."

"होल्डवर किती दिवस ठेवता येतं?"

"सात."

"पहिलीला आज नववा दिवस आहे. तुमच्या कंपनीत काय करतात अशा वेळी?"

प्राजक्तानं टॅग सोडला आणि भात टाकला. शिजल्यावर त्यानं दोघींची ताटं मागं सारली. "आधी मी खातो. अर्धा तास थांबा."

"आणि तुम्हाला काय झालं तर?" पोरीनं विचारलं.

"तर तुम्ही खाऊ नका."

हे त्यानं इतकं सहज म्हटलं की विजयश्रीच्या हातातला डाव तसाच राहिला.

अर्ध्या तासात काही झालं नाही. पण कुलदीपचा संशय भातानं शमणारा नव्हता. त्यानं मूठभर कच्चा तांदूळ स्टीलच्या ताटात पसरला, दारातल्या उजेडात नेला आणि एकेक दाणा निवडू लागला. तासाभरानं ताटात सहा ढिगुल्या झाल्या. आखूड चिकट इंद्रायणी. बारीक कोलम. बासमतीचा तुकडा. रेशनचा जाडा. आंबेमोहोर, तोही वासावरून कळला. आणि थोडा पिवळसर उकडा. एका पिशवीत सहा जातीचा माल. कंपनीत दोन लॉट एकमेकांत मिसळले तर अख्खी शिफ्ट उभी राहायची, मॅनेजरला घाम फुटायचा. मिक्स लॉटसारखं पाप नाही.

"हा गोदामातला केर आहे," त्यानं निकाल दिला. "पोती फुटतात, खाली सांडतं, ते झाडून भरलंय. नाहीतर रेशनचा चोरीचा. उद्या पोलीस येतील आणि माल आपल्या घरात सापडेल."

"पोलीस पाच किलो तांदळासाठी येतात होय," विजयश्री म्हणाली. "तसे आले तर त्यांनाबी जेवायला वाढू."

घरमालकीण अंबूबाईला पिशवीचा वास लागायला वेळ लागला नाही. जुनी गावातली बाई. रान सोसायट्यांत गेलं, उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या दहा खोल्या बांधून ती ओट्यावर पहाऱ्याला बसायची.

"रं तिरभुवन, तुमच्यात परदेसातनं पिशव्या येत्यात म्हनं? किरिस्तावाला मिळतंय. आमाला कुनी देत न्हाई."

"मावशी, आम्ही पणज्यापासून ख्रिस्ती. पणज्यालाही कुणी पिशवी दिली नव्हती. आणि तेलाच्या पाकिटावर दिघीच्या दुकानाचा शिक्का आहे. परदेश दिघीपर्यंत आला का?"

अंबूबाईनं विचार केला. "त्ये बी खरं. पर मंग जास्ती वाईट हाय बघ. लांबचा मानूस दान करतो, जवळचा मानूस लपून देतो म्हंजी त्याला कायतरी पायजे आसतंय. तुजी बायकू दिघीला जाती न्हवं दर शुक्करवारी?"

"प्रार्थनेला जाते."

"व्हय, व्हय. पार्थनेलाच जात आसंल," अंबूबाई म्हणाली आणि तंबाखू मळू लागली.

असलं बोलणं माणूस झटकून टाकतो, पण ते कपड्याला कुसळ चिकटावं तसं राहतं. विजयश्री दर रविवारी आणि शुक्रवारी दिघीच्या मंडळीत जायची. मंडळी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल. सकाळी उपासना, दुपारी तिथंच क्लास. कुलदीप तिथं कधी गेला नव्हता. त्याचं देवाशी नव्हे, चर्चच्या पंचांशी वाकडं होतं. तो बारा वर्षांचा असताना गावच्या चर्चमधली बाजाची पेटी नाहीशी झाली. किल्ली त्याच्या बापाकडं होती. कुणी चोर म्हटलं नाही, फक्त बाप आला की बोलणी थांबायची. वर्षानं पेटी शेजारच्या गावात सापडली, लग्नाला म्हणून कुणीतरी नेली होती आणि परत आणायची राहून गेली होती. पेटी जागेवर आली. बापाला कुणी "चुकलं" म्हटलं नाही. बाप मरेपर्यंत शेवटच्या बाकावर बसला, आणि पोरगा त्या दिवसापासून बसलाच नाही.

तिसऱ्या शनिवारी कुलदीपनं पाळत ठेवली. पहिल्या शिफ्टच्या बसेस कोपऱ्यावर हॉर्न देत होत्या तेव्हाच तो नळामागं जाऊन बसला. एक छोटा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. दिघीत गॅरेज असलेला नवाब उतरला. सगळी गल्ली त्याला ओळखायची, अर्ध्या गाड्या त्याच्याच हातच्या. त्यानं पिशवी कडीला लावली आणि वळला तर पुढ्यात कुलदीप.

"चलन कुठंय?"

नवाब दचकला, मग हसला. "काय राव, तांदळाला चलन मागता?"

"कुणी पाठवलं?"

"ते सांगायचं नाही असं ठरलंय. मी फक्त डिलिव्हरी."

"तुला किती मिळतात?"

नवाबचं हसू गेलं. "ह्याचे? माझी अम्मी चार महिने अंथरुणाला खिळली होती. जी बाई रोज येऊन तिची जखम धुवायची तिनं मला कधी विचारलं नाही, किती देणार. आता ती म्हणते पिशव्या पोचव, तर मी पोचवतो. तुम्हाला घ्यायची नसेल तर घेऊ नका भाऊ, पण हिशेब विचारू नका."

बाई. म्हणजे एक बाई आहे, आणि ती जखमा धुते. कुलदीपला धागा मिळाला, पण तो ओढायचं तसंच राहिलं. कारण त्याच आठवड्यात त्याला घरातच दुसरं काहीतरी दिसलं. तांदळाच्या प्लास्टिकच्या डब्यावर तो बाहेरून पेन्सिलीची रेघ मारून ठेवायचा. तिघांचा भात किती लागतो त्याला ठाऊक होतं, आणि डबा त्यापेक्षा वेगानं खाली जात होता. रोज थोडा, मूठभर. गुरुवारी त्यानं डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. विजयश्रीनं वाटीनं तांदूळ काढला, पाण्यात टाकण्याआधी त्यातली एक मूठ उचलली आणि ट्रंकेमागच्या कापडी थैलीत टाकली. इकडं तिकडं बघून.

शुक्रवारी दुपारी ती थैली पदराखाली घेऊन निघाली. कुलदीपनं प्राजक्ताला सांगितलं, "मी आलो," तर पोरगी दारात आडवी. "मी पण येते. मम्मीनं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"तुम्हाला एकटं सोडायचं नाही."

तो क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. म्हणजे आपल्यावरही टॅग लागलेला आहे तर. "चल," तो म्हणाला.

दिघीत, मंडळीचा हॉल सोडून, लष्कराच्या भिंतीला लागून असलेल्या एका जुन्या बैठ्या घरात विजयश्री शिरली. बाप-लेक मागं. दार उघडंच होतं. आत सात-आठ बाया जमिनीवर बसल्या होत्या, मधे एक मोठं पिंप, आणि एकेक जण आपली थैली त्यात रिकामी करत होती. काही बोलायचं नाही, नाव लिहायचं नाही. पिंपाजवळ स्टुलावर पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. ती प्रभावतीबाई. जालन्याकडची, छत्तीस वर्षं नर्स, आता निवृत्त. आवाज मात्र अजून वॉर्डातला.

"चपला बाहेर," ती म्हणाली.

विजयश्री वळली. नवऱ्याला बघून तिचा चेहरा उतरला. कुलदीपनं सगळ्यांसमोर विचारलं, "आपल्या घरातला तांदूळ इथं आणून ओततेस? आपल्याला खायला नाही आणि तू ह्यांना देतेस?"

बायांनी माना खाली घातल्या. प्रभावतीबाई उठली, पिंपात हात घातला, ताटभर तांदूळ काढून त्याच्या हातात दिला. "तू इन्स्पेक्शनवाला ना? बघ. उजेड तिकडं आहे."

त्याचे हात आपोआपच चालू झाले. इंद्रायणी, कोलम, जाडा, उकडा. तोच मिक्स लॉट. तो थांबला. झाडलेला माल असता तर माती असती, सुतळीचे धागे असते. इथं दाणा स्वच्छ होता.

"तीस घरांतली मूठ आहे," प्रभावतीबाई म्हणाली. "स्वैपाकाला तांदूळ घेतला की त्यातली एक मूठ आधी बाजूला. जिच्याकडं इंद्रायणी ती इंद्रायणी आणते, जिच्याकडं रेशनचा ती रेशनचा. कोणत्या घरी जातो ते आणणारीला माहीत नसतं, कुणाचा आला ते घेणाऱ्याला. माझ्या सासूनं घालून दिलेली रीत आहे. तुम्हा पुरुषांना कळवलं तर तुम्ही कमिटी कराल."

एक-दोघी हसल्या.

"मला आणखी एक कळतं," ती पुढं म्हणाली. "काही थैल्यांतली मूठच मिसळीची असते. म्हणजे त्या घरी माझी पिशवी जाते, आणि त्यातूनच ती बाई परत मूठ काढते. अकरा घरी पिशव्या जातात. नऊ घरांतून मूठ परत येते."

कुलदीपनं बायकोकडं बघितलं. तिची थैली अजून अर्धी भरलेली होती.

"तुला माहीत होतं पिशवी कुठनं येते?"

"पहिल्याच दिवशी कळलं. सांगितलं असतं तर तुम्ही फेकून दिली असती."

"मग मूठ का काढतेस? मिळालेल्यातनं परत कशाला?"

विजयश्रीला राग सहसा यायचा नाही. "कारण मूठ थांबली की मी नुसती घेणारी उरते. मग मीबी तुमच्यासारखी भिंतीकडं तोंड करून पडंन. दोघंबी पडलो तर पोरीकडं बघायचं कुणी?" तिनं थैली पिंपाला टेकवली. "तुम्ही मला तांदळाचं विचारता. मी तुम्हाला विचारू? गावाला जाणाऱ्या बाईला गॅसचं पुस्तक कशाला दिलं?"

प्राजक्ता आईच्या मागं जाऊन उभी राहिली. कुलदीपच्या हातातलं ताट एका बाजूला कललं आणि थोडा तांदूळ फरशीवर सांडला. तो खाली बसला आणि दाणे वेचू लागला.

प्रभावतीबाईनं बाकीच्यांना खुणेनं बाहेर पाठवलं. प्राजक्ता तेवढी हलली नाही. म्हातारी स्टूल त्याच्याजवळ ओढून बसली. उपदेश येणार, हे त्यानं धरलंच होतं.

"मला विश्वास-बिश्वास सांगू नका," तो म्हणाला. "माझा कुणावर नाही."

"येशूच्या शिष्याचा, थोमाचाही नव्हता. बाकीचे दहा जण सांगत होते, प्रभू मेलेल्यांतून उठलाय. हा म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घालीन तेव्हा मानीन. आठवडाभर तसाच बसला. होल्डवर." होल्डचं तिला कुणी सांगितलं असेल ते त्याला कळलं, तो रविवारी आईबरोबर मंडळीत जाणाऱ्या मुलीकडं बघून तोंडातल्या तोंडात पुटपुटला. "मग प्रभू आला. त्यानं काय केलं? रागावला नाही. हात पुढं केला. म्हणाला, तपास."

"लहानपणी ऐकलंय."

"ऐकलंय, बघितलं नाहीस. मरणातून उठलेला देह आहे, नवा. आणि खिळ्यांची भोकं तशीच. भरून आली नव्हती. मी छत्तीस वर्षं जखमा धुतल्या, मला त्याचंच नवल वाटत आलंय. ज्याला मेलेलं उठवता येतं त्याला चार भोकं बुजवता आली नसती?"

कुलदीपचा हात थांबला. सोळा वर्षांत त्यानं हजारो पार्ट नुसत्या एका पोच्यावरून लाल क्रेटमध्ये टाकले होते. "भोकं असलेला पीस पास केला," तो हळू म्हणाला. विचारत होता की सांगत होता ते त्यालाच कळलं नाही.

"वरचा बाप तसाच पास करतो. मला तरी तसंच केलंय."

"आणि ह्यात तुमचा काय फायदा?" जुनी खोड जाता जात नव्हती.

"आहे ना. माझे डोळे गेलेत. तांदळात खडे राहतात, मागच्या महिन्यात एका म्हातारीचा दात पडला. तू उद्या सकाळी येऊन निवडून देतोस का? पगार नाही. चहा मिळेल."

"उद्याचं मला सांगता यायचं नाही."

"मग आजचा राहिलाय तो निवड."

तो संध्याकाळपर्यंत बसला. विजयश्री शेजारी बसून डाळ निवडत होती, दोघं बोलत नव्हती. निघताना प्रभावतीबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चार वाक्यांची. त्यानं डोळे मिटले नाहीत. ती खरोखर डोळे मिटते का ते बघत होता. मिटले होते. हात म्हातारा, खरखरीत, साबणाचा वास येणारा. तो हात तिनं उचलला तेव्हा त्याला वाटलं, अजून थोडा वेळ राहिला असता तरी चाललं असतं.

बस मॅगझीन चौकातून वळली तेव्हा गर्दी कमी झाली होती. प्राजक्ता पुढच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून झोपली. कुलदीप बराच वेळ पुढच्या बाकाच्या दांडीकडं बघत होता.

"सोमवारी जाऊ नको," तो म्हणाला.

विजयश्रीनं वळून बघितलं नाही. "का? सुट्टी संपत आली की."

"जाऊ नको."

"का ते सांगा."

कंडक्टर येऊन गेला. अलंकापुरम चौक गेला. आळंदीकडच्या रस्त्याला उजेड कमी होता, काचेत दोघांचे चेहरे दिसत होते.

"मला एकट्याला ठेवू नको," कुलदीप म्हणाला. "माझा भरवसा नाही. मी ठरवलं होतं. तुम्ही गेल्यावर."

हे बोलायला त्याला सात महिने लागले होते. बोलल्यावर तो तोंडावर रुमाल धरून बसला. विजयश्रीनं त्याचा दुसरा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. बोटं दुखतील इतका घट्ट धरला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण तुमच्या तोंडून यायला पाहिजे होतं. मी जाणारच नव्हते. उद्या सकाळी प्रभावतीबाईंबरोबर सरकारी दवाखान्यात जायचं, मनाच्या डॉक्टरकडं. त्यांची ओळख आहे तिथं. मी मेसवर सुट्टी टाकते."

"त्या बाईनं आधीच ठरवलं होतं?"

"मी ठरवलं होतं."

तो रुमालाआडून म्हणाला, "कुठला डॉक्टर? चांगला आहे का? चौकशी केलीस का?"

"केलीय," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही. चऱ्होली फाटा आला तरी सोडला नाही. तसंच हाताला धरून तिनं त्याला उठवलं, दुसऱ्या हातानं मुलीला हलवलं, आणि तिघं खाली उतरली.